तोंडातल्या ऑपरेशननंतर कडक वण राहू नये म्हणून: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

तोंडात ऑपरेशन झालेले लोक जखमेकडे दुर्लक्ष करतात, असं मला कधी फारसं दिसलं नाही. उलट बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त करतात. पहिल्याच दिवशी खळखळून गुळण्या, चौथ्या दिवशी जखमेवरचा पांढरा थर खरवडणं, आठव्या दिवशी बोटाने चोळणं. आणि तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा खरोखर काहीतरी करायची वेळ येते, तेव्हा "आता दुखत नाही" म्हणून सगळं सोडून देणं. गोष्टी बऱ्याचशा योग्यच असतात, पण क्रम उलटा झालेला असतो. पहिले काही दिवस जखमेला स्वस्थ ठेवायचं, मग स्वच्छ ठेवायचं, मग हलवायचं आणि सगळ्यात शेवटी चोळायचं. हा क्रम पाळला तर तोंडातला वण बहुतेक वेळा मऊ राहतो.

तोंडातला वण दिसण्यापेक्षा जाणवतो. गाल आतून ओढल्यासारखा वाटतो, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, ओठ एका बाजूला खेचला जातो, कवळी नीट बसत नाही, ब्रश एका कोपऱ्यात पोहोचत नाही. म्हणून "कुणाला दिसणार आहे?" असं म्हणून हा विषय सोडू नका.

थोडं कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. जखम भरताना शरीर तिथे कोलॅजनचे तंतू विणतं. जखमेतला दाह जितका लांबतो, तितके हे तंतू जास्त आणि वेडेवाकडे विणले जातात. दाह लांबवणारी कारणं मोजकी आहेत: जंतुसंसर्ग, भरत आलेली जखम पुन्हा पुन्हा उसवणं, टाक्यांवर ताण, तंबाखू, वाढलेली साखर. लाळेमुळे तोंडातली जखम सतत ओली राहते आणि लाळेत जखम भरायला मदत करणारी प्रथिनंही असतात. त्यामुळे हिरडीवरचा साधा छेद अनेकदा मागमूस न ठेवता भरतो. जपायचं ते मुख्यतः इथे: ओठ किंवा गाल हिरडीला मिळतो ती खाच, गालाचं आतलं अस्तर, टाळूवरची टाके न घालता उघडी सोडलेली जखम, जिभेखालचा किंवा ओठामागचा पडदा मोकळा केलेली जागा, आणि एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा झालेलं ऑपरेशन.

सावधान: इथले दिवस आणि आठवडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. टाके कुठे आणि किती ताणात आहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

## टप्पा १: ऑपरेशनच्या आधी

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात.

१. तोंड किती उघडतं ते मोजून लिहून ठेवा. आरशासमोर बसा, पूर्ण तोंड उघडा आणि वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या मधल्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. मिलिमीटरमध्ये लिहा, तारीख घाला. बहुतेक प्रौढांत हे अंतर ३५ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यान भरतं. पट्टी नसेल तर स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का ते पाहा. महिनाभराने "पूर्वी एवढंच उघडायचं का?" असा प्रश्न पडतो तेव्हा ही एक ओळ उपयोगी पडते. आठवणीवर कुणालाच ते सांगता येत नाही.

२. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा: पूर्वीच्या जखमेवर किंवा कान टोचलेल्या जागी गाठीसारखा वाढलेला वण आहे का, घरात कुणाला तसा त्रास आहे का, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं, हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं, स्टेरॉइड. ही यादी कागदावर लिहून न्या, खुर्चीवर बसलं की निम्मं विसरतं.

३. हे विचारून घ्या: छेद कुठे घेणार? जखम टाक्यांनी बंद करणार की उघडी ठेवणार? टाके विरघळणारे आहेत की काढावे लागतील? तोंड उघडण्याचे व्यायाम कोणत्या दिवशी सुरू करायचे? शेवटचा प्रश्न तुम्ही विचारला नाही तर गर्दीत अनेकदा राहून जातो.

४. तंबाखू बंद करा. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला प्राणवायू कमी पोहोचतो. ओढायची असो वा चघळायची, दोन्ही सारखीच नको. आधीचे दोन-तीन आठवडे आणि नंतर जखम पूर्ण बंद होईपर्यंत सोडता आली तर फरक पडतोच. निकोटिनचं च्युइंगम घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

५. दात साफ करून घ्या. ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर आधी दातांवरचा कीट काढून घेणं फार मोलाचं. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीत टाका नीट धरत नाही.

६. सामान आधी आणा: निर्जंतुक गॉझ, अतिमऊ ब्रश, बर्फाची पिशवी, लिहून दिलेलं माउथवॉश, छोटी टॉर्च आणि चघळावं न लागणारे पदार्थ.

सावधान: रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती कधी आणि किती दिवस थांबवायची, किंवा थांबवायचीच नाही, हे ती लिहून देणारे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात.

## टप्पा २: पहिले २४ तास

या टप्प्याचं सगळं काम एका वाक्यात येतं: रक्ताची गुठळी जागेवर राहू द्या. पुढची सगळी भरण तिच्यावर उभी राहते.

१. गॉझ ३० ते ४५ मिनिटं सलग दाबून धरा. दर पाच मिनिटांनी काढून "रक्त थांबलं का" ते बघायचं नाही. प्रत्येक वेळी काढताना गॉझला चिकटलेली गुठळी त्याच्यासोबत निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं.

२. थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉ वापरू नका. तिन्ही गोष्टींत तोंडात ओढ निर्माण होते आणि गुठळी सुटते. लाळ गिळा. फारच साचली तर मान खाली करून ती आपोआप बाहेर पडू द्या.

३. बर्फ गालावर बाहेरून लावा, कपड्यात गुंडाळून, १५-२० मिनिटं. मग तेवढाच वेळ विश्रांती. सूज कमी म्हणजे टाक्यांवरचा ताण कमी, आणि ताण कमी म्हणजे वण बारीक. बर्फाचा उपयोग दुखण्यापुरताच नसतो.

४. डोकं उंच ठेवून झोपा. दोन उशा पुरतात.

५. भूल उतरेपर्यंत काही चावू नका. ओठ आणि जीभ काही तास बधिर असतात. लहान मुलं त्या वेळात ओठ चावून चावून मोठी जखम करून घेतात, आणि कधी कधी मूळ ऑपरेशनपेक्षा त्या चावलेल्या ओठाचाच वण जास्त राहतो. मुलाजवळ कुणीतरी बसून लक्ष ठेवायला हवं.

सावधान: दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर किंवा जखमेशेजारी ठेवायची नाही. तिच्यामुळे अस्तर भाजतं आणि पांढरी, सोलवटलेली दुसरी जखम तयार होते. गोळी गिळायची, तीही लिहून दिलेलीच.

तपासा: लाळ गुलाबीसर येत असेल तर चिंता नको. तोंड ताज्या लाल रक्ताने भरत असेल तर नवा गॉझ घडी करून नेमक्या जागी ३० मिनिटं दाबा. तरीही थांबलं नाही तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

## टप्पा ३: दुसरा दिवस ते टाके निघेपर्यंत

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

१. मिठाच्या पाण्याची चूळ, पण खळखळून नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. पाणी तोंडात घ्या, मान हळूच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती करा आणि वॉशबेसिनवर वाकून पाणी नुसतं सोडून द्या. फुर्रकन थुंकायचं नाही. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना. मीठ जास्त घातलं की जास्त चांगलं, असं काही नाही. जास्त खारट पाणी जखमेला झोंबतं.

२. औषधी माउथवॉश मोजून. क्लोरहेक्सिडिन लिहून दिलं असेल तर साधारणपणे १० मिलिलिटर, मिनिटभर, दिवसातून दोनदा. टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकांमुळे त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून ब्रश आणि माउथवॉश यांत अर्धा तास अंतर ठेवा. "दोनदाने बरं वाटतंय, तर सहादा घेऊ" असं करू नका. ते जंतूंवर कडक आहे, तसंच जास्त प्रमाणात नव्या पेशींनाही सोसत नाही. सांगितलेल्या दिवसांपलीकडे चालू ठेवलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. अल्कोहोल असलेली बाजारी माउथवॉश या काळात टाळाच.

३. बाकीचे दात घासा. जखमेच्या भीतीने ब्रशच बंद केला तर तीन दिवसांत सगळ्या दातांवर कीट साचतो आणि त्यातले जंतू थेट टाक्यांवर जातात. जखमेपासून लांबचे दात नेहमीसारखे, शेजारचे अतिमऊ ब्रशने, आणि टाक्यांवर ब्रश नाही.

४. पांढरा थर काढू नका. यावर मी मुद्दाम थोडं लिहितो, कारण हे वर्षानुवर्षं तसंच चालू आहे. एक तरुण रुग्ण पाचव्या दिवशी आला. गालाच्या आतली छोटी गाठ काढलेली, चार टाके. आल्या आल्या म्हणाला, "पू झालाय, पण मी रोज साफ करतोय." कापूस काडीला गुंडाळून, आरशासमोर, सकाळ-संध्याकाळ तो ते करत होता. आत पाहिलं तर दोन टाके सुटलेले, कडा लालभडक आणि मधोमध कच्चं मांस. ज्याला तो पू समजत होता, ते फायब्रिन होतं, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाचा जखमेवर बसलेला थर. त्वचेवरची जखम खपली धरते. तोंडात ओलावा असल्याने खपली सुकत नाही, ती पांढरट-पिवळसर, ओल्या कागदासारखी मऊ राहते. त्याच्या खालून नवं अस्तर सरकत येतं आणि काम झालं की तो थर आपोआप विरघळतो. तो खरवडणं म्हणजे रोज खपली उचकटणं. त्याच्या गालात नंतर दोरीसारखी कडक पट्टी राहिली आणि ती मऊ व्हायला कित्येक महिने गेले.

पू आणि हा थर यांतला फरक असा ओळखा. थर जागच्या जागी पातळ चिकटलेला असतो, दुखणं रोज थोडं कमी होत जातं, वास फारसा नसतो. पू वाहतो किंवा दाबल्यावर येतो, तोंडाला घाण चव येते, आणि दुखणं व सूज तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढते. शंका असेल तर काडी नको. फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

५. ओठ ओढून बघू नका. टाके ओठ आणि हिरडीच्या खाचेत असतील तर "कसं दिसतंय" म्हणून ओठ वर उचलणं हाच टाक्यांवरचा सगळ्यात मोठा ताण असतो. दिवसातून एकदा, टॉर्च लावून, ओठ न खेचता जेवढं दिसेल तेवढंच पाहा. घरातल्या प्रत्येकाला दाखवायची गरज नाही.

६. टाके. सुटा दोरा जिभेला टोचत राहतो आणि तो ओढण्याचा मोह होतो. ओढू नका. फारच त्रास झाला तर डॉक्टर एका मिनिटात टोक कापून देतात. रेशमाचे टाके सहसा ५ ते ७ दिवसांनी काढतात. ती तारीख पुढे ढकलू नका. गुंफलेल्या रेशमात जंतू आणि अन्न झिरपतं, आणि टाका जितका जास्त दिवस राहील तितका त्याच्याभोवती दाह राहतो. विरघळणारे टाके एक-दोन आठवड्यांत सैल होऊन पडतात. काही प्रकार जास्त टिकतात. तुमचे कोणते आहेत ते पहिल्या टप्प्यात विचारलेलं असेलच.

७. खाणं. प्रथिनांशिवाय आणि क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन नीट बनत नाही, म्हणून नुसत्या पातळ पेजेवर आठवडा काढू नका. दूध, दही, मऊ शिजवलेली अंडी, चांगली घोटलेली डाळ किंवा सूप, मऊ पिकलेली फळं, असं घ्या. आंबट रस झोंबतो. कुरकुरीत आणि बारीक बियांचे पदार्थ जखमेत अडकतात. मधुमेह असेल तर या आठवड्यात साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा, कारण खाण्याच्या वेळा बदललेल्या असतात.

८. शेक. सूज सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरू लागते. पहिले ४८ तास गेल्यावर बर्फ बंद करून बाहेरून कोमट, ओलसर शेक द्या. उलट क्रम केला, म्हणजे पहिल्याच दिवशी गरम शेक दिला, तर सूज आणि रक्तस्राव दोन्ही वाढतात.

सावधान: दाढ काढल्यावर साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात अचानक दुखणं वाढलं, कळ कानापर्यंत गेली आणि घाण वास आला, तर गुठळी निघून खड्डा कोरडा पडला असण्याची शक्यता असते. घरी काहीही भरू नका, त्याच दिवशी दाखवा. ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, किंवा गळ्याकडे पसरणारी सूज असेल तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

## टप्पा ४: तोंड उघडण्याचा व्यायाम

जखम भरताना पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून तिच्यात आकुंचन पावणाऱ्या पेशी जमा होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या कडा एकमेकींकडे ओढतात. जखम लहान होते ती अशीच. पण गालाच्या आत किंवा जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात हीच ओढ तोंड आखडवते. नेमक्या याच काळात दुखणं थांबलेलं असतं, म्हणून लोक व्यायाम सोडतात.

कधी सुरू करायचं? साध्या अक्कलदाढेच्या ऑपरेशननंतर दुखणं ओसरू लागलं की, म्हणजे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवशी, डॉक्टरांचा होकार घेऊन. जबड्याचं हाड जोडलं असेल, टाळूचं अस्तर किंवा दुसरीकडची त्वचा लावलेली असेल, टाके अजून ताणात असतील, तर त्यांनी सांगेपर्यंत नाही.

१. गालावर दहा मिनिटं कोमट ओला शेक.

२. हळूहळू तोंड उघडा. ओढ जाणवेल तिथे थांबा, ५ ते १० आकडे मोजा, मिटा. असं १० वेळा.

३. खालचा जबडा डावीकडे, उजवीकडे आणि पुढे, प्रत्येकी ५ वेळा.

४. दोन-तीन दिवसांनी बोटांची मदत घ्या. अंगठा वरच्या दातांवर आणि तर्जनी खालच्या दातांवर ठेवून कात्रीसारखी अलगद फाक करा. झटका नको.

५. प्रगती अडली तर डॉक्टर लाकडाच्या चपट्या काड्या दातांमध्ये एकावर एक ठेवायला सांगतात आणि दर काही दिवसांनी एक वाढवतात. सैल झालेले दात किंवा नवीन कॅप असेल तर हे विचारल्याशिवाय करू नका.

दिवसातून तीन ते पाच वेळा, थोडं थोडं. सकाळी एकदाच अर्धा तास ताणून काम होत नाही, कारण मधल्या वेळात जखम पुन्हा आकसते.

किती जोर लावायचा, याचं माप सोपं आहे. ओढ लागली पाहिजे, कळ येता कामा नये. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळलं किंवा रक्त दिसलं, तर जास्त झालं. पुढच्या वेळी कमी करा, पण बंद करू नका.

सबम्यूकस फायब्रोसिससाठी, म्हणजे सुपारी-गुटख्यामुळे गालाच्या आत कडक पट्टे येऊन तोंड आखडतं त्या आजारासाठी, पट्टे कापून तोंड उघडलं असेल तर नियम वेगळा आहे. तिथे व्यायाम लवकर सुरू होतो आणि कित्येक महिने, बहुधा सहा महिने किंवा जास्त, रोज चालतो. ऑपरेशन टेबलावर मिळवलेलं तोंड टिकवायचं काम हा व्यायामच करतो. जिभेखालचा पडदा मोकळा केला असेल तर जीभ उचलण्याचे व्यायामही डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणेच करा. तिथल्या दोन कच्च्या बाजू जवळ असल्याने त्या पुन्हा चिकटतात.

तपासा: दर आठवड्याला एकाच वेळी, त्याच पट्टीने मोजा आणि पहिल्या आकड्याखाली लिहा. अक्कलदाढेनंतरचं आखडणं साधारणपणे दोन आठवड्यांत बरंचसं सुटतं. सलग दोन आठवडे आकडा हलला नाही किंवा कमी झाला, तर दाखवा.

## टप्पा ५: मालिश

कधी, हाच इथला मोठा प्रश्न. साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर, आणि तेही या तीन अटी पूर्ण झाल्यावर: एकही टाका उरलेला नाही; पृष्ठभाग पूर्ण गुलाबी आणि बंद आहे, कुठे कच्चं दिसत नाही; बोट लावल्यावर रक्त येत नाही. टाळूवरची उघडी ठेवलेली मोठी जखम यापेक्षा उशिरा बंद होते, तिची वाट पाहा. मालिश आठवडाभर उशिरा सुरू झाली तर फारसं बिघडत नाही. आठवडाभर लवकर सुरू केली तर नवं अस्तर फाटतं.

नखं कापा, हात साबणाने धुवा. तर्जनी तोंडात वणावर, अंगठा बाहेर गालावर किंवा ओठावर. दोन्हींच्या मध्ये वण पकडा आणि दाबा. गुलाबी रंग फिकट होईल एवढा दाब पुरे. त्या जागी छोटे गोल फिरवा, मग वणाच्या आडव्या दिशेने, मग लांबीच्या दिशेने. बोट अस्तरावरून घसरता कामा नये, बोटासोबत अस्तर हललं पाहिजे. हा फरक पहिल्यांदा करताना लक्षात येत नाही. घासण्याने वरचं अस्तर सोलतं, दाबून हलवण्याने खालचे तंतू मोकळे होतात. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा, किमान दोन-तीन महिने.

आत लाळ पुरेशी असते, तेल किंवा क्रीम नको. त्वचेसाठीचं वणाचं जेल तोंडात कधीही लावू नका.

छेद बाहेरच्या त्वचेवरही असेल, म्हणजे हनुवटीखाली, जबड्याच्या कडेला किंवा ओठाच्या वर, तर तिथे त्वचेचे नियम लागतात. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, पट्टी असेल तर रोज किमान १२ तास, दोन-तीन महिने. बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन. नवा वण उन्हात काळा पडतो आणि तो रंग लवकर जात नाही. जखमेच्या मूळ हद्दीबाहेर पसरणारा, खाजणारा, उंच वण हा केलॉइड असू शकतो. तोंडाच्या आत तो फार क्वचित दिसतो, पण जबड्याच्या त्वचेवर होतो. तो लहान असतानाच दाखवा.

सावधान: जुनी कवळी जखमेवर घासत असेल तर मालिश करून काही उपयोग नाही. सतत घासल्याने तिथे मांसाची घडी वाढते. आधी कवळीचा घासणारा भाग डॉक्टरांकडून कमी करून घ्या. ऑपरेशनच्या वेळीच बसवून दिलेली नवी कवळी मात्र स्वतःहून काढू नका, ती कधी काढायची ते विचारा.

## टप्पा ६: तिसऱ्या महिन्यानंतर

सहाव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास वण बोटाला सर्वांत कडक लागतो आणि बरेच जण याच वेळी घाबरतात. त्यानंतर शरीर जुने तंतू काढून नवे, नीट रांगेत लावलेले तंतू बसवत राहतं. हे काम वर्षभर चालू शकतं. त्वचेच्या जखमेत तीन आठवड्यांनी मूळ ताकदीच्या जेमतेम २० टक्के ताकद आलेली असते आणि तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास, त्यापुढे ती फारशी वाढत नाही. त्यामुळे दोन महिन्यांत "वण कायमचा झाला" असा निर्णय घ्यायची घाई नको. मालिश चालू ठेवा.

त्रास टिकला तर उपाय आहेत: वणात स्टेरॉइडचं इंजेक्शन, लेझर, पट्टी मोडून दिशा बदलणारं झेड आकाराचं ऑपरेशन, कधी दुसरीकडचं अस्तर आणून लावणं. दुरुस्तीचं ऑपरेशनही नवी जखमच करतं. म्हणून वण मऊ आणि फिकट होईपर्यंत, बहुधा सहा महिने ते वर्षभर, थांबायला सांगतात. तोंड उघडत नाही, खाता येत नाही किंवा दात स्वच्छ ठेवता येत नाहीत, अशी अडचण असेल तर इतकं थांबत नाहीत.

सावधान: ऑपरेशनच्या जागी दोन आठवड्यांहून जास्त न भरणारा व्रण, वाढत जाणारी कडक गाठ, नवा पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा नव्याने आलेला बधिरपणा दिसला, तर तो वणच आहे असं गृहीत धरू नका. चोळू नका, तपासून घ्या. गरज पडली तर डॉक्टर तिथला तुकडा काढून तपासायला पाठवतील.

या भेटीला जाताना ती वही सोबत न्या. ऑपरेशनच्या आधीचं माप, आठवड्याचे आकडे, मालिश कधी सुरू केली आणि मध्ये किती दिवस सुटली, सगळं त्यात असतं. इंजेक्शन द्यायचं, ऑपरेशन करायचं की आणखी तीन महिने मालिश करून पाहायची, हे ठरवताना डॉक्टर आधी तेच आकडे पाहतात.